साहेबांच्या पेटीतलं माझं बोट

आमच्या कामात हात पाठीमागे बांधायचे असतात. पहिल्या दिवशी डोरोथीबाईंनी मला शिकवलं ते हेच. जुनं घर बघायला आलेली माणसं गाइडच्या हाताकडे बघत असतात. त्याने खुर्चीला हात लावला की त्यांचेही हात सुटतात. म्हणून हात मागे, आणि दाखवायचं ते मानेने. मी चार वर्षं असा उभा राहिलो की डोरोथीबाई नव्या लोकांना माझं उदाहरण द्यायच्या, "श्रीसारखे उभे राहा." त्यांना वाटायचं ही शिस्त आहे. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेवर एक तिरका व्रण आहे. तो कोणी नीट बघितला असता तर माझी नोकरी गेली असती, एका मुलीचं पुस्तक गेलं असतं, आणि एका मेलेल्या बाईला तिची जागा परत मिळाली असती. मी चार वर्षं नोकरीच्या आणि पुस्तकाच्या बाजूने गप्प बसलो. या अंकाच्या संपादकांनी माझ्या जुन्या नोकरीतल्या, "डेटा सेंटरमधल्या गमतीजमती लिहा" असं कळवलं होतं, पण आता लिहायचंच आहे तर हे लिहितो.

व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नपासून गाडीने तासाभरावर, विटांचं एक दुमजली घर आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातले एक इंग्रज कादंबरीकार व्याख्यानं देत अमेरिकेत फिरत असताना नदीला पूर आला, पूल वाहून गेला, आणि ते या घरात एकोणीस दिवस अडकले. एवढ्या भांडवलावर आमचं संग्रहालय उभं आहे. गावाचं आणि लेखकाचं नाव लिहीत नाही, ट्रस्टींना तसा शब्द दिलाय. डोरोथीबाई, म्हणजे आमच्या संचालिका, वय पंच्याहत्तर, त्यांना 'द ऑथर' म्हणतात. मी मनातल्या मनात 'साहेब' म्हणतो. तेच इथेही चालवतो.

साहेबांना अमेरिका अजिबात आवडली नाही. बायकोला लिहिलेल्या पत्रांत नुसत्या तक्रारी आहेत. शेगड्या फार तापवतात, बसतील तिथे थुंकतात, अनोळखी माणूस हात हातात घेतो तो सोडत नाही, न्याहारीला डुकराचं मांस, दुपारी तेच, रात्री तेच. ही पत्रं पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मी पहिल्या वर्षी आईला केलेले फोन आठवले. फक्त डुकराच्या जागी चीज होतं.

पण जाणकार म्हणतात, आणि वाचून मलाही पटलंय, की या नावडत्या देशाने साहेबांना कादंबरीकार केलं. आधीच्या पुस्तकांत नोकरमाणसं ट्रे घेऊन येतात आणि ठेवून जातात. नंतरच्या प्रत्येक पुस्तकात स्वयंपाकघराचं दार उघडतं, मोलकरणीला नाव असतं, आणि कुठे ना कुठे एक न पोचलेलं पत्र असतं. त्याचं कारण या घराच्या मागच्या बाजूला, वेगळ्या बांधलेल्या स्वयंपाकघरात आहे. तिथे हॅना नावाची बाई रांधायची. ती घरमालकाच्या मालकीची होती, जशा त्याच्या खुर्च्या होत्या. बग्गीच्या दारात साहेबांची उजव्या हाताची बोटं चेंगरली तेव्हा तिनेच ती बांधली. मग एके दिवशी तिने विचारलं, माझ्या मुलीला विकलंय, तुम्हाला लिहिता येतं, तिला पत्र लिहाल का. साहेबांनी बायकोला कळवलंय की माझ्याकडे लेखणी होती, कागद होता, वेळही भरपूर होता, पण वर पत्ता काय घालायचा ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

पूर्वी आमची फेरी या स्वयंपाकघरात संपायची. एवढं सांगून मी थांबायचो. लोक चुलीकडे बघत राहायचे आणि मग आपणहून बाहेर पडायचे.

आता थोडं धंद्याबद्दल. अशा घरात खरं फार थोडं असतं. साहेब ज्या पलंगावर झोपले तो केव्हाच जळाला. आहे तो 'त्या काळातला'. खुर्ची त्या काळातली, पडदे त्या काळातल्या पडद्यांसारखे. गाइडची सगळी कला या दोन शब्दांत आहे. ते इतक्या आदराने म्हणायचे की ऐकणाऱ्याला 'त्यांचा' असं ऐकू यावं आणि आपण खोटंही बोललेलं नसावं. लोकही नमुनेदार येतात. एका बाईंनी खालच्या आवाजात विचारलं होतं, "आपण असं त्यांच्या बेडरूममध्ये शिरलेलं त्यांना चालतं ना?" चँडलरहून आलेले एक मराठी इंजिनिअर सगळं घर बघून म्हणाले, "यार, यापेक्षा जुनं कपाट आमच्या मिरजेच्या घरी आहे. त्यात आम्ही पापड ठेवतो."

साहेबांची म्हणावी अशी एकच वस्तू होती. त्यांची प्रवासातली लिहायची पेटी. उघडली की उतरतं मेज होतं, दौतीला खाच, लेखण्यांना कप्पा. त्यांच्या पणतूने ती इंग्लंडहून देणगी दिली. पेटी कायम बंद असायची. वर्षातून एकदा, सोमवारी सुट्टीच्या दिवशी, उघडून आतून मऊ ब्रशने धूळ झाडायची, आणि ते काम डोरोथीबाईंनी माझ्याकडे दिलं, कारण माझे हात स्थिर आहेत.

मी या नोकरीत आलो तो डेटा सेंटरमधून काढल्यावर. तिथे मी अकरा वर्षं होतो. दर खंडेनवमीला घरून डबीत हळदकुंकू न्यायचो आणि कोणी बघत नाही असं बघून एका रॅकच्या दाराला आतून बोट लावायचो. पुण्याच्या कंपनीत तर आम्ही कीबोर्डवर झेंडू ठेवायचो. आपण ज्याच्यावर पोट भरतो त्याची वर्षातून एकदा पूजा करायची, यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. अनामिकेवरचा व्रणही त्या रॅकच्याच धारेचा. अकरा वर्षांत माझ्या रॅकमधलं एकही मशीन बंद पडलं नाही. एका वर्षी आईच्या व्हिसाच्या धावपळीत नवमी विसरलो. त्याच डिसेंबरात मला काढलं. कारणं वेगळी होती, ती मला पत्रात दिली होती, पण माणसाचं मन पत्रावर चालत नाही.

संग्रहालयातल्या पहिल्या वर्षी नवमी नेमकी पेटी झाडायच्या सोमवारी आली. सकाळी निघताना बायको, उज्ज्वला, म्हणाली, "या वर्षी विसरू नका." डबी तिनेच हातात दिली. संग्रहालयात मी एकटा. आता इथे माझं हत्यार कोणतं? गाइडचं हत्यार जीभ. तिला कुंकू कसं लावणार? किल्ल्या डोरोथीबाईंकडे. राहता राहिली ती पेटी. म्हटलं, आत कोण बघतंय. दौतीच्या खाचेशेजारी हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकवाचं. हात जोडले. मग नेहमीप्रमाणे रुमालाने पुसायला गेलो, तर ते पुसेना. रॅकला रंग लावलेला असतो. हे कोरडं जुनं लाकूड होतं, त्याने ते पाण्यासारखं पिऊन टाकलं.

मी पेटी बंद केली आणि हात मागे बांधले.

पुढच्या वसंतात ईशा आली. अमेरिकेतच, प्लेनोत वाढलेली, आईवडील नागपूरचे, विद्यापीठात साहेबांवर संशोधन करत होती. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र वाक्याच्या मध्यावर इंग्रजीत उतरायची. आल्या आल्या मला काका म्हणाली. डोरोथीबाईंनी तिच्यासाठी खास पेटी उघडली. ती हातमोजे घालून आत वाकली.

"काका," ती म्हणाली, "इज दॅट हळद?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण शेजारी डोरोथीबाई उभ्या होत्या आणि मला नोकरी लागून सहा महिनेच झाले होते. मी म्हणालो, "दिसते खरी."

ईशाचे डोळे भरले. "माझी आजी असंच लावायची. माझ्या लॅपटॉपला पण लावलं होतं तिने. काका, मी पंधरा वर्षांची होते तेव्हापासून याला वाचतेय. याच्या घरात आपल्यासारखं कोणी नव्हतंच कधी. आय ऑल्वेज फेल्ट लाइक अ गेस्ट." तिने पुन्हा आत बघितलं. "अँड देअर शी इज."

'शी' म्हणजे कोण, ते तिने वर्षभरात शोधून काढलं. परतीच्या बोटीवरून साहेबांनी लिहिलेल्या पत्रात एक ओळ होती, की बोटीवर एका अधिकाऱ्याच्या विधवेबरोबर हिंदुस्थानी आया आहे, मायाळू आहे. झालं. साहेबांची बोटं चेंगरलेली, आयाने त्यांवर हळद लावलेली, आणि त्याच हाताने साहेबांनी लिहायला पेटी उघडलेली. डागात बोटाचा ठसा स्पष्ट होता आणि त्यावर आडवी तिरकी रेघ होती. ती बग्गीच्या दाराची जखम. त्या रेघेवर ईशाने अख्खं प्रकरण लिहिलं. साहेबांच्या पुस्तकांतल्या मायाळू बायका, उघडी स्वयंपाकघरं, सगळं त्या आयाचं देणं ठरलं. त्यांची कल्पनाशक्ती घडवणारा परका देश अमेरिका नसून हिंदुस्थान निघाला.

डोरोथीबाईंनी जुनी नोंदवही काढली. तीस वर्षांपूर्वीच्या कोणा स्वयंसेवकाने पेटीच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, 'आत डाग आहेत.' ते शाईचे होते. पण रंग लिहिलेला नव्हता, म्हणून त्यांनी तो हाच डाग धरला. प्रयोगशाळेतून कोणी येऊन यंत्राने तपासून गेलं. हळद आणि चुना. आजच्या रासायनिक रंगाचं, भेसळीचं बाजारी कुंकू असतं तर मी त्याच दिवशी सुटलो असतो, पण माझ्या सासूबाई साताऱ्याहून घरी केलेलं, शुद्ध हळदीचं पाठवतात. डाग किती जुना ते खरवडल्याशिवाय कळलं नसतं, आणि खरवडायला डोरोथीबाई तयार नव्हत्या.

पेटी काचेत गेली, उघडी, वर दिवा. दुकानात कप आले, त्यावर माझ्या बोटाचा ठसा. चाव्यांच्या साखळ्या आल्या. उन्हाळ्यात हळदमहोत्सव सुरू झाला. अंगणात तंबू, हळद घातलेलं दूध, आणि डोरोथीबाई पिवळ्या साडीत, जी उज्ज्वलाने नेसवली. नेसवताना उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "डबी मी दिली होती. म्हणजे आता मीपण त्यात."

त्याच सुमारास माझं नागरिकत्वाचं काम चालू होतं आणि बोटांचे ठसे द्यायला बोलावणं आलं. मशीनवर अनामिका ठेवताना मला खरोखर घाम फुटला. वाटलं, पडद्यावर येईल की हे गृहस्थ इंग्रज कादंबरीकार आहेत आणि वारलेले आहेत. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सर, आर यू ओके?" मी म्हटलं, व्रण आहे. त्या म्हणाल्या, व्रण चांगला, ओळख पक्की होते.

खरं ओळखलं ते एकाच माणसाने. मुलाकडे अ‍ॅशबर्नला आलेले सांगलीचे एक निवृत्त काका. वीज मंडळात होते. काचेवर नाक टेकवून म्हणाले, "हे तर कुंकू. आणि परवा लावल्यासारखं दिसतंय. कोणी लावलं हो?"

मी साहेबांबद्दल, आयाबद्दल सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"जखमेला हळद लावतात, कुंकू कशाला लावतील? आणि हे असं मधोमध, सरळ टेकवलेलं आहे. जखमेचं बोट असं टेकतं का? हे पूजेचं बोट आहे."

डोरोथीबाई दारातून म्हणाल्या, "सर, प्लीज, काचेपासून जरा मागे."

काका मागे झाले. जाताना माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचलं, पाठीमागच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "काय देशपांडे, सणवार करता की नाही इकडे?" मी म्हटलं, जमेल तसे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, एक गोष्ट सोडून. काचेच्या खोलीला वेळ जास्त लागतो म्हणून फेरी कुठेतरी कापायला हवी होती. स्वयंपाकघर कापलं. तिथे आता हळदमहोत्सवाचे तंबू आणि घडीच्या खुर्च्या ठेवायचे. साहेबांची बोटं हॅनाने बांधली होती. ते श्रेय बोटीवरच्या आयाला गेलं, आणि त्या आयाचा पुरावा मी होतो. दोन वर्षं मी दिवसातून पाच वेळा काचेपुढे उभा राहून हे सांगत होतो, आणि खोटं बोलायला नको म्हणून वाक्याच्या सुरुवातीला "अभ्यासकांच्या मते" म्हणत होतो. धंद्यातली ही दुसरी युक्ती. अभ्यासक म्हणजे ईशा, आणि ईशाच्या मते म्हणजे माझ्या बोटाच्या मते.

पुस्तक छापायला जायच्या आठवड्यात ईशा प्रुफांचा गठ्ठा घेऊन आली. आम्ही मागच्या पायरीवर बसलो. उज्ज्वलाने तिच्यासाठी चिवडा दिला होता, तो ती मुठीने खात होती.

"काका, डेडिकेशन बघा ना. 'त्या आयाला, आणि माझ्या आजीला.' आजीचं नाव मराठीत लिहिलंय. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. मी पानं उलटत गेलो. "हॅनाचं प्रकरण कुठे आहे?"

"ते काढलं." ती चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. "एडिटर म्हणाला, टू मेनी वुमेन. रीडर कन्फ्यूज होतो. अँड ऑनेस्टली, आयाचा एव्हिडन्स आहे. हॅनाचं काय आहे? दोन ओळी. तळटीप ठेवलीय."

मी तळटीप बघितली. पत्त्याचं वाक्य तिच्यात नव्हतं. मी पहिल्यांदा हात पुढे घेतले.

"ईशा, हे बोट बघ."

तिने बघितलं. आधी तिला वाटलं मला लागलंय. मग तिने गठ्ठ्यातलं ठशाचं मोठं चित्र काढलं, माझ्या बोटाशेजारी धरलं, फोनने फोटो काढला, दोन बोटांनी तो मोठा केला. रेघ अंगठ्याच्या बाजूने वर चढते आणि टोकाला किंचित वळते. तिने ते वळणसुद्धा पुस्तकात वर्णन केलं होतं, फार सुंदर.

"काका, का?"

"नवमी होती."

"व्हॉट नवमी?"

मी सांगितलं. रॅक, झेंडू, विसरलेलं वर्ष, डबी. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याच्या टूल्सची पूजा केलीत."

"त्याच्या नाही गं. माझ्या. मी त्याच्यावरच पोट भरतो."

ती हसली. हसता हसताच तिने प्रुफं गोळा केली, डब्याचं झाकण लावलं, डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तीन वर्षं काका. मी तुम्हाला फोटो पाठवायचे. तुम्ही थम्ब्ज-अप पाठवायचात." आणि गाडीकडे गेली. मी तिथेच बसलो. थम्ब्ज-अप मी खरंच पाठवले होते, एकोणीस-वीस तरी.

मग आत जाऊन डोरोथीबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खिडकीतून अंगणाकडे बघितलं.

"श्री," त्या म्हणाल्या, "महोत्सव तीन आठवड्यांवर आहे. हे तुला ऑक्टोबरमध्ये नसतं का सांगता आलं?"

मी म्हटलं, ऑक्टोबरमध्येच सांगायला हवं होतं, चार वर्षांपूर्वीच्या.

ट्रस्टींची बैठक झाली. एकजण म्हणाले, हा माणूस अतिविनयी आहे, त्याच्या संस्कृतीत श्रेय दुसऱ्याला देतात, याचं ऐकू नका. मला उठून पुन्हा सिद्ध करावं लागलं की मी गुन्हेगार आहे. घरून डबी नेली होती. कोऱ्या कागदावर सर्वांसमक्ष बोट उमटवलं. कागद हातोहात फिरला, आणि ते ट्रस्टी हळूच म्हणाले, "हे पहिल्यापेक्षा छान आलंय."

मला काढलं नाही. डोरोथीबाई म्हणाल्या, काढलं तर कारण लिहावं लागेल, आणि ते कारण मला लिहिता येणार नाही. डागही काढला नाही. तज्ज्ञ म्हणाले, काढायचा तर लाकूड तासावं लागेल. म्हणून शेजारी नवी पाटी लागली, 'डाग: हळदकुंकू. संग्रहालयातील एका कर्मचाऱ्याने सणानिमित्त लावलेले.' पेटी आता बंद होत नाही. माणसं पूर्वीपेक्षा जास्त येतात आणि पाटी वाचून हसतात. कप अजून खपतात. महोत्सव मात्र बंद झाला. तंबू हलवले आणि स्वयंपाकघर पुन्हा मोकळं झालं.

ईशाने पुस्तक मागे घेतलं. त्यामुळे तिची कायमची नोकरी लांबली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. दिवाळीला उज्ज्वलाने चिवडा पाठवला, त्याची पोचही नाही. मग जवळजवळ दीड वर्षाने, एका दुपारी, फोनवर मेसेज आला. ती याच जिल्ह्याच्या कोर्टाचे जुने खरेदीविक्रीचे कागद चाळत होती. घरमालकाने हॅनाच्या मुलीला विकलं त्याचा कागद तिला मिळाला होता. मेसेज एवढाच होता: 'मुलीचं नाव ल्युसी. वय नऊ. कुठे नेलं ते अजून नाही. काका, तुम्ही टूरमध्ये सांगाल?'

काका म्हणाली. मी थम्ब्ज-अप पाठवला नाही. 'सांगेन' असं अक्षरांत लिहिलं.

आता फेरीत काचेच्या पेटीपुढे कोणी ना कोणी विचारतंच, तो कर्मचारी कोण. पूर्वी मी बुटांकडे बघितलं असतं. आता हात पुढे करून बोट दाखवतो. डोरोथीबाई डोळे मिटून घेतात, कारण लगेच तिघाचौघांचे हात काचेकडे जातात. मग मी सगळ्यांना मागच्या स्वयंपाकघरात नेतो. हॅनाबद्दल सांगतो, साहेबांची बोटं सांगतो, पत्राचं सांगतो. साहेबांना पत्ता माहीत नव्हता. आम्हालाही अजून नाही. पण वर लिहायचं नाव आता मिळालंय, ते मी म्हणतो, आणि हात मागे बांधून लोक बाहेर पडेपर्यंत उभा राहतो.